तिला काही सांगायचं नाही असं ठरलं

आमच्या घरात कुणी कधी हळू बोललेलं मला आठवत नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचो. शेडमधले सगळे माग एकदम सुरू असले की शेजारच्याकडं तंबाखू मागायची तरी बोंबलून मागावी लागते. ती सवय घरी आली. बायको वळसंगची, तिचा आवाज मुळातच मोठा, त्यात निम्मं बोलणं कानडी. मी केमकडचा, करमाळा तालुक्यातला. आमच्याकडं कानडीचा वाराही नाही. इतकी वर्षं संसार केला, पण मला कानडी शिव्यांपुरतीच कळायची. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारीण धावत आली होती, मारामारी सोडवायला. आम्ही आमटी पातळ असावी का घट्ट, एवढंच बोलत होतो.

तर असं आमचं चालायचं. सकाळी चहावरनं सुरुवात, दुपारी जेवणावरनं, संध्याकाळी दिवा लावताना आणखी काहीतरी. पण अबोला एकदाही धरला नाही. ज्या दिवशी भांडण झालं नाही त्या दिवशी दोघांतलं एक आजारी असायचं.

दोन वर्षांमागं एका सकाळी ती भाकरी थापत होती आणि उजवा हात परातीतच पडून राहिला. उचलेना. मी म्हनलं, ‘काय झालं?’ तर तिच्या तोंडातनं शब्द जड, चिखलातनं पाय काढावा तसे. थोड्या वेळानं हात सुधारला, बोलणंही सुधारलं. ती म्हणाली, ‘मुंग्या आल्या असतील. बघत काय बसलाय, तवा करपला.’ मी ऐकलं नाही. मुलाला पुण्याला फोन लावला. तो आला आणि आम्ही तिला मोठ्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर आमच्या मुलाच्या वयाचा. त्यानं पडद्यावर तिच्या डोक्याचा फोटो लावला. मला ती वाळल्या बाभळीची फांदी वाटली. त्यानं पेनाचं टोक एका जागी टेकवलं. म्हणाला, ‘ही रक्तवाहिनी इथं आतून अरुंद झालीय. आत थर बसलाय. त्यामुळं पुढं रक्त कमी पडलं आणि हात लुळा पडला होता.’ मग पेन जरा पुढं सरकवलं. ‘आणि ही दुसरी गोष्ट. इथं फाटा फुटतो तिथं भिंत पातळ होऊन छोटा फुगा आलाय. हा आपण शोधायला गेलो नव्हतो, सहज दिसला.’

बायको म्हणाली, ‘डॉक्टर, धड एक काय ते सांगा. आवळलंय का फुगलंय?’

‘दोन्ही, आजी.’

‘दोन्ही कसं आसंल? आमच्या ह्यांच्यासारखं दोन्हीकडनं बोलू नका.’

डॉक्टर हसला. मुलगा हसला नाही.

मी विचारलं, ‘साहेब, आवळलेल्यानं फुगलेलं फुटतं का?’

त्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, ‘आजोबा, याचं सरळ उत्तर माझ्याकडं नाही. अरुंद जागेतनं रक्त जोरानं पुढं येतं, त्याचा मार फुग्याच्या भिंतीवर बसू शकतो. उलट कधी कधी अरुंद जागेच्या पुढं दाब कमीही पडतो. एवढं खरं की दोन्ही एकत्र सापडतात तेव्हा एकूण रक्तवाहिन्या चांगल्या नाहीत असं समजायचं. पण एकामुळं दुसरं फुटतंच का, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही.’

मला राग आला. एवढी मशिनं, एवढे फोटो, आणि एकमत नाही.

मग त्यानं खरी अडचण सांगितली. अरुंद शिरेसाठी रक्त पातळ करायची गोळी लागते. पण फुगा फुटला तर पातळ रक्त लवकर थांबत नाही. फुग्यासाठी प्रेशर वाढू द्यायचं नाही. पण ते फार उतरलं तर अरुंद शिरेतनं पुढं रक्तच जाणार नाही. म्हणजे मधल्या चिंचोळ्या वाटेनं चालायचं. फुग्यात मांडीकडनं तार नेऊन वेटोळं भरता येतं, म्हणजे तो आतनं बंद होतो. पण ती तार त्याच आवळलेल्या शिरेतनं न्यायला लागणार, आणि नेताना तिथं गुठळी होऊ शकते. ‘फुगा लहान आहे. मी म्हणेन गोळ्या घ्या, वाट बघू. सहा महिन्यांनी परत फोटो काढू.’

‘वाट बगायची म्हंजी कशाची?’ बायकोनं विचारलं.

डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागला.

निघताना डॉक्टर म्हणाला की एकदम रागावणं, जड उचलणं, कुंथणं, हे टाळा. पण घरात कोंडून ठेवू नका, रोजच्यासारखं राहू द्या. मुलानं यातलं पहिलं तेवढं ऐकलं. खरं सांगायचं तर मीही तेवढंच ऐकलं.

घरी आल्यावर त्यानं मला अंगणात घेतलं. ‘आबा, आजपासून आवाज बंद. आईशी भांडायचं नाही. वाईट बातमी तिला सांगायची नाही. कुणाचं काही झालं, कुणी मेलं, काही म्हणजे काही सांगायचं नाही. आणि मातीला पाठवायचं नाही.’

आमच्याकडं मयताला जाण्याला मातीला जाणं म्हणतात. लग्नाला नाही गेलं तर लोक विसरतात, मातीला नाही गेलं तर विसरत नाहीत. आणि आमची ही तर कुठलीच माती चुकवायची नाही. गल्लीत कुणी बाई गेली की अंघोळ घालायला पहिलं बोलावणं हिला. मेलेल्या बाईचे केस विंचरायचे, कुंकू लावायचं, जबडा बांधायचा, सगळं ही करायची. बाकीच्या बाया दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावायच्या, आणि ही त्यांच्यावर ओरडायची, ‘रडताय काय नुसत्या, पाणी घ्या की!’

तिला मातीला पाठवायचं नाही असं ठरलं. मला पटलं. फुटलं तर काय, एवढंच डोक्यात होतं.

मग आमचं घर गप्प झालं. मी काय करायचो, भांडण तोंडाशी आलं की चपला घालून बाहेर पडायचो आणि देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. टीव्हीवर बातम्या लागल्या की चॅनल बदलायचो. गल्लीतल्या लोकांना सांगून ठेवलं होतं, तेही आमच्या दारात आले की पाऊसपाण्याचं बोलायचे.

ती मुद्दाम डिवचायची. एकदा चहा दिला, विचारलं, ‘कसा झालाय?’

म्हनलं, ‘बरा हाय.’

‘साखर टाकली न्हाई मी.’

‘आसू दे.’

‘आसू दे?’ तिनं कप माझ्या हातातनं काढून घेतला. ‘चाळीस वर्सात एकदा तरी आसू दे म्हनलाय का तुमी? मला मेलेलीच धरलंय की वो.’

मी चपला शोधायला लागलो.

पण हळूहळू ती डिवचायची थांबली. मला वाटलं सवय झाली. आता कळतंय काय झालं होतं ते. शिंक यायला लागली की ती दोन्ही हातांनी डोकं धरायची. पाण्याच्या घागरीला तिनं हात लावायचं सोडलं. संडासातनं बाहेर आली की भिंतीला टेकून उभी राहायची, आतलं काही सुटलं नाही ना हे बघत असल्यासारखी. हसताना तोंड दाबायची. ज्या बाईनं मेलेल्यांचे जबडे बांधले ती बाई स्वतःचं डोकं उकळत्या दुधासारखं सांभाळायला लागली होती. आम्ही तिला वाईट बातमी सांगत नव्हतो, पण आमचं गप्प बसणं हीच रोजची एक बातमी तिला मिळत होती.

तिला एकच बहीण, थोरली. वळसंगलाच दिली होती, माहेरापास्नं चार घरं सोडून. त्यांना भाऊ नव्हता. आईबाप कधीच गेलेले. दोघी फोनवर कानडीत बोलायच्या, त्यात हसणं भरपूर आणि मला शिव्या भरपूर. ही माझ्याकडं बघत बघत हसायची, आणि शिव्या तेवढ्या मला कळायच्याच.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी माझा फोन वाजला. मेव्हणीचा मुलगा. ‘काका, आई गेली. पहाटं झोपेतच.’ मी अंगणात उभा होतो. आत बायको भाजलेल्या शेंगा सोलत बसली होती, टरफलांचा आवाज येत होता.

‘माती कवा?’

‘चारला. लांबचं कुणी यायचं न्हाई. काका, मावशीला सांगू नका. पुण्याच्या दादाशी बोललो मी, दादा पण तेच म्हनला. पण…’ तो थांबला. ‘लुगडं लागंल की.’

बाई सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. हिरवं. सासरच्यांनी कितीही भारी आणलं तरी ते वर पडत नाही. आणि ते आणायला माहेरात आता हिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मी मुलाला फोन लावला.

म्हनलं, ‘सख्खी बहीण हाय. तिला नेल्याबिगर कसं भागंल?’

‘आबा, बहिणीचं तोंड बघून ती शांत बसणार आहे का? आणि फुटलं तर? तिथं वळसंगला काय करणार तुम्ही?’

‘आन् मागनं कळलं तर तिला काय वाटंल?’

‘वाटायला ती राहिली पाहिजे की, आबा.’

मी फोन खिशात घातला. मी आत गेलो. ती मान खाली घालून शेंगा सोलत होती. मी म्हनलं, ‘जरा जाऊन येतो. कारखान्यातल्या एका जोडीदाराला बरं न्हाई.’

‘जेवून जावा. ऊन लई हाय, डोक्यावर कायतरी घ्या.’

एवढंच म्हणाली. कुठला जोडीदार, काय झालं, केव्हा येणार, काही नाही. एरवी मी कोपऱ्यावर दाढीला निघालो तरी मला दहा प्रश्न विचारायची. मी ते मनावर घेतलं नाही. उलट बरं वाटलं की सुटलो.

वाटेत कापडाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, ‘आहेराचं दाखवू?’ मी म्हनलं, ‘मातीचं.’ त्यानं हिरव्या लुगड्यांचा गठ्ठा पुढं ठेवला आणि पदर उलगडून दाखवायला गेला नाही. मी वरचं उचललं.

वळसंगला पोचलो तेव्हा मेव्हणीला अंगणात बसवलं होतं, अंघोळ झाली होती. मी लुगडं पुढं केलं. हातात घ्यायला कुणी येईना. शेवटी तिच्या सुनेनं घेतलं. बायांतली एक म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, ‘धाकटी कुटंय?’

‘तिला बरं न्हाई.’

‘बरं न्हाई म्हंजी काय? पाय मोडलाय का?’

‘डोक्याचं दुखणं हाय.’

‘डोकं सगळ्यांचंच दुकतंय आज.’ मग दुसरीकडं तोंड करून, पण मला ऐकू जाईल असं, ‘माहेरचं माणूस न्हाई तर मग निस्तं कापडच की ते.’

मी पुरुषांत जाऊन उभा राहिलो. तिथं ऊसतोडीचं आणि एसटीच्या वेळेचं बोलणं चाललं होतं.

मातीहून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घराचा उंबरा चढत नाही. लहानपणापास्नं अंगात भिनलेलं आहे, मला मोडता येईना. पण दारात अंघोळ केली तर तिला कळणार. म्हणून मी वळसंगलाच शेतातल्या बोअरखाली अंघोळ केली, कपडे पिळून अंगावरच घातले, आणि एसटीच्या खिडकीत बसून वाळवत आलो. फार शहाणपणा केला असं वाटलं.

घरी आलो तर पायरीशी पाण्याची बादली भरून ठेवलेली. वर तांब्या. बाजूला माझं धोतर, टॉवेल आणि कडुलिंबाची डहाळी. दार उघडं, आतनं आवाज आला, ‘अंघोळ करून आत या.’

मी तिथंच उभा राहिलो. मग गुमान परत अंघोळ केली, लिंबाचं पान चावलं आणि आत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. शेंगा सगळ्या सोलून झाल्या होत्या.

‘कवा कळलं तुला?’

‘सकाळी. तुमच्या आदी. तितल्या शेजारणीचा फोन आलता. तुमी चहा पीत हितंच तर बसला होता.’

मला आठवलं. ती फोनवर ‘हौदा, हौदा’, म्हणजे ‘हो का’ असंच काहीतरी, म्हणाली होती आणि फोन ठेवला होता. मला वाटलं रोजचंच.

‘मग बोलली का न्हाईस? मी आडवा आलो असतो व्हय?’

‘आला असताच. पर तुमच्यामुळं न्हाई गप्प बसले.’

‘मग?’

तिनं शेंगदाण्यांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, ‘मी भ्याले. अक्काचं तोंड बघितलं की मी वरडणार. वरडले की फुटंल. म्हनलं तुमी लुगडं घेऊन जालच.’ तिनं टरफलांतनं हात फिरवला. ‘गावातल्या सगळ्या बायांला अंघोळी घातल्या मी. आन् माज्या अक्काला कुणी घातली, कुणास ठावं.’

इतके महिने मी समजत होतो की आम्ही तिच्यापासनं लपवतोय. ती आमच्याआधी पोचली होती.

‘हिरवंच नेलं ना?’ तिनं विचारलं.

‘हिरवंच.’

‘काठ कसला हाय?’

‘काठ न्हाई बघितला.’

‘काठ न्हाई बघितला?’ तिचा आवाज चढला. किती महिन्यांनी चढला. ‘माहेरचं शेवटचं लुगडं, जन्माचं एकदाच, आन् तुमी काठ न्हाई बघितला? डोळे होते का न्हाई? बारदान उचलावं तसं उचललं?’

माझी नजर तिच्या कपाळावर. तिथल्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझंही काहीतरी तुटलं आणि मी मागाच्या शेडमध्ये ओरडायचो तसा ओरडलो, ‘मग तू जायचं होतंस की! तुज्याबिगर निस्तं कापडच ते, आसं म्हनली तिथली म्हातारी मला!’

ती क्षणभर बघत राहिली. मग रडायला लागली. साधं नाही, छाती बडवून, कानडीत बहिणीला हाका मारून. शेजारीण धावत आली. मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हनलं, ‘रडू दे तिला.’ कान मात्र आतच होते. आता पडेल, मग पडेल.

काही झालं नाही. रडून रडून ती थकली, पाणी प्यायली आणि झोपली. मी उशाशी बसून तिचा श्वास ऐकत राहिलो.

सकाळी उठल्यावर तिनं मला सांगितलं, ‘डॉक्टरकडं चला. तो फुगा बंद करून टाकायचाय.’

डॉक्टरनं सगळं परत सांगितलं. फुगा वाढलेला नाही, घाई नाही. तार आवळलेल्या शिरेतनं जाणार, तिथं गुठळी झाली तर हातपाय, बोलणं, जीवसुद्धा. तो तिला समजवत होता आणि ती मान डोलवत होती.

शेवटी ती म्हणाली, ‘डॉक्टर, मला शिंकायचंय. सकाळपास्नं रातच्यापर्यंत मी निस्ती डोकं धरून बसते. बहीण गेली तर तोंड बघायला गेले न्हाई मी. आजून कोण कोण जाईल, आन् मी हितं बसून शेंगा सोलू का?’

‘आजी, भीती कमी करायला डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. फक्त भीतीसाठी ऑपरेशन करणं…’

‘भीतीसाटीच करायचंय. दुकत तर मला काईच न्हाई.’

मुलगा पुण्याहून आला. माझ्यावर ओरडला, तिच्यावर ओरडला नाही. म्हणाला, ‘आबा, तुम्ही नाही म्हणा, ती ऐकेल.’ मला माहीत होतं, मी नाही म्हनलं असतं तर ती खरंच थांबली असती. चाळीस वर्षं भांडून तिनं माझं फारसं ऐकलं नव्हतं, पण त्या वेळी ती माझ्याकडं बघत होती. मी काय म्हणतो ते ती बघत होती. मी म्हनलं, ‘तिचं डोकं हाय. तिला ठरवू दे.’

बरोबर केलं का चूक, मला आजही सांगता येत नाही. मुलाला सांगता येतं. तो म्हणतो चूक.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आला. चेहऱ्यावर समाधान होतं. ‘फुगा व्यवस्थित बंद झाला,’ म्हणाला. मुलानं त्याचा हात हातात घेतला. मी खाली बसलो.

संध्याकाळी तिचा उजवा हात हलेना. मग पाय. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं. परत आत नेलं, काय काय केलं. डॉक्टर रात्रभर तिथंच होता, घरी गेला नाही. आवळलेल्या जागी गुठळी धरली होती. त्यानं आधी सांगितलं होतं तेच झालं, त्याच्यावर माझा राग नाही. पण फुगा बंद झाला हे त्याचं वाक्य माझ्या कानातनं जात नाही. ज्याला आम्ही सगळे भीत होतो ते नीट झालं होतं. ज्याच्याकडं कुणी फार बघत नव्हतं त्यानं तिला नेलं.

लगेच नेलं नाही. काही दिवस ती वॉर्डात होती. बोलता येत नव्हतं. डावा हात हलायचा, डोळे सगळीकडं फिरायचे. डॉक्टर म्हणाला, ‘त्यांच्याशी बोलत राहा. ऐकू येतंय, कळतंय.’

मी विचारलं, ‘काय बी बोललं तर चालंल?’

‘चालेल.’

‘वाईट बातमी?’

‘आजोबा, फुगा आता बंद झालाय. तो फुटणार नाही.’

मग मी स्टूल ओढून बसलो आणि तिला सगळं सांगायला सुरुवात केली. जे जे आम्ही दाबून ठेवलं होतं ते. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको गेली, तिची माती झाली, तुला बोलवायला आले होते, मी परत पाठवलं. शेजारणीची लेक नवऱ्याला सोडून आलीय, ती मामाकडं नाही गेलेली, घरातच आहे, आम्ही तुला खोटं सांगितलं. आपल्या सुनेनं तुझी पितळेची मोठी परात मोडीत घातली. हे ऐकल्यावर तिनं डाव्या हातानं गादीवर जोरात मारलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून जागा झाला. मी म्हनलं, ‘मारतीस काय, मी दिली व्हय?’ ती डोळे वटारून माझ्याकडं बघत होती. मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

शेवटी राहिली तिच्या अक्काची माती. तिनं ती मला कधी विचारली नव्हती. काठावरनं भांडण झालं त्यानंतर तो विषय आमच्यात निघालाच नाही. मी म्हनलं, ‘वळसंगचं सांगू?’ तिनं डोळे मिटून उघडले.

मी सांगितलं. अंगणात बसवली होती, तोंड शांत होतं, झोपल्यासारखं. कपाळभर कुंकू होतं. लुगडं तिच्या सुनेनं घातलं, नीट घातलं. म्हातारी काय बोलली तेही सांगितलं, लपवलं नाही. अक्काचा नवरा खांबाला धरून उभा होता. पोरानं मडकं धरलं. ती ऐकत होती, माझ्या तोंडावरनं नजर हलवत नव्हती. मी थांबलो तर तिनं माझी बाही ओढली. आणखी.

आणखी काय सांगायचं? अंघोळ कुणी घातली, केस कुणी विंचरले, बाया कुठं बसल्या होत्या, कुणी कुणाला धरलं होतं, अक्काच्या नावानं कोण काय म्हणून रडलं, ही मातीला गेली असती तर हिनं हे सगळं बघितलं असतं. मी रस्त्याकडेला पुरुषांत उभा होतो. ऊसतोडीचं ऐकत होतो. एसटी चुकेल का हे बघत होतो.

तिनं परत बाही ओढली.

मला बनवून सांगता आलं असतं. तिला कुठं कळणार होतं. पण तिच्या डोळ्यांकडं बघून माझ्याच्यानं झालं नाही.

म्हनलं, ‘एवढंच बघितलं गं मी.’

तिनं माझी बाही सोडली नाही. बराच वेळ तशीच धरून ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिली.